आईच्या फोनवर रोज ३०-४० फालतू मेसेज येतात, त्यात कामाचा मेसेज हरवतो, कायमचे बंद कसे करायचे?

लालबागची_लेक

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून वाचा प्लीज. माझी आई ६८ वर्षांची, लालबागला चाळीत एकटी राहते, मी कांदिवलीला. दोन वर्षांपूर्वी तिला साधा अँड्रॉइड फोन घेऊन दिला. व्हॉट्सॲपवर नातवंडांचे फोटो बघते, युट्यूबवर भजनं ऐकते, फोन घेते, एवढाच तिचा वापर. पण मेसेजचं ॲप उघडून बघाल तर रोजचे ३०-४० मेसेज येऊन पडलेले असतात. तुमचं कर्ज मंजूर झालंय, पनवेलला प्लॉट घ्या, शेअरच्या टिप्स घ्या, सेल चालू आहे, आणि सगळे इंग्रजीत. आई सातवीपर्यंत शिकलेली, इंग्रजी अक्षरं लावते पण अर्थ लागत नाही, मग ती काय करते तर रात्री अंथरुणावर बसून एकेक करून सगळे पुसून टाकते, केर काढावा तसे.

गेल्या मंगळवारी व्हायचं ते झालं. तिला डायबेटिस आहे, दर तीन महिन्यांनी उपाशीपोटी रक्त तपासायला परळच्या हॉस्पिटलमध्ये जाते. सकाळी सातला चहासुद्धा न घेता चालत गेली, तिथे कळलं की त्या दिवशी लॅब बंद आहे, तारीख पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारची केलीय आणि तसा मेसेज दोन दिवस आधीच पाठवलाय. मेसेज आला असणारच, त्यांची काही चूक नाही, पण तो त्या ढिगाऱ्यात होता आणि आईने बाकीच्यांबरोबर पुसला. परत येताना भारतमाता टॉकीजजवळ तिला भोवळ आली, फुटपाथवरच बसली, तिथल्या भाजीवालीने साखरपाणी दिलं म्हणून ठीक. मला हे संध्याकाळी कळलं, ते पण शेजारच्या काकूंकडून. रात्रभर झोप नाही आली मला.

रविवारी जाऊन दोन तास बसले आणि ६०-७० नंबर ब्लॉक केले. बुधवारी बघते तर परत तेवढेच मेसेज, आणि गंमत नाही, त्याच कंपन्यांचे! नाव तेच, फक्त नावाच्या आधीची दोन अक्षरं बदललेली. हे असं का होतं? ते डीएनडी, म्हणजे डू नॉट डिस्टर्ब, जाहिराती बंद करायची सोय, खरंच चालतं का? आणि ते चालू केलं तर बँकेचे ओटीपी आणि हॉस्पिटलचे मेसेज पण बंद होतील का? मला सगळ्यात भीती त्याचीच आहे. ज्यांनी स्वतः करून बघितलंय त्यांनी सांगा.

विक्रोळी_पार्कसाईट

ताई, आई आता बरी आहे ना? शुगरवाल्या माणसाने उपाशीपोटी एवढं चालायचं म्हणजे भलतंच काहीतरी होऊ शकलं असतं.

आता तुमच्या प्रश्नाचं. ती पुढची दोन अक्षरं बदलतात तिथेच सगळी मेख आहे आणि ती कळली की तुम्ही परत कधी एकेक नंबर ब्लॉक करत बसणार नाही. कंपनीचा मेसेज येतो तेव्हा वर नंबर नसतो, नाव असतं, त्याला हेडर म्हणतात. त्याच्या आधी दोन अक्षरं आणि एक आडवी रेघ. पहिलं अक्षर मेसेज ज्या मोबाईल कंपनीतून निघाला तिचं आणि दुसरं सर्कलचं, म्हणजे मोबाईल सेवेच्या विभागाचं, जसं व्हीएम असेल तर व्होडाफोन आयडिया, मुंबई. एडी असेल तर एअरटेल, दिल्ली. जाहिरातवाला आज या कंपनीच्या लाईनवरून पाठवतो, उद्या दुसरीच्या, मग पुढची अक्षरं बदलतात आणि तुमच्या फोनला वाटतं हा कोणीतरी नवीनच आहे. फोन अख्खं नाव जसंच्या तसं जुळलं तरच अडवतो. म्हणजे एकाच दुकानाला अडवायला तुम्हाला दहा-पंधरा वेळा ब्लॉक करावं लागेल, कुठे पुरे पडणार.

आता नावाच्या शेवटी बघा. २०२५ पासून शेवटी पण एक रेघ आणि एक अक्षर येतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सर्व्हिस, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. हे आईला शिकवा, खरंच सांगतो, अक्षर ओळखता येतं म्हणालात ना, मग शेवटी पी असेल तो बिनधास्त पुसायचा, बाकी तीन अक्षरांना हात लावायचा नाही. माझ्या सासूबाईंना मी हेच शिकवलंय, त्या ७२ वर्षांच्या आहेत.

आणि हो, डीएनडी चालतं. आईच्या सिमवरूनच १९०९ ला मेसेज करायचा, इंग्रजीत स्टार्ट, मग एक जागा सोडून शून्य. पैसे लागत नाहीत. उलट मेसेज येईल तो नीट वाचा, त्यात पुष्टी मागितली असेल तर द्या, बरेच लोक इथेच सोडून देतात आणि मग म्हणतात की डीएनडीचा काही उपयोग नाही. फोनमध्ये दोन सिम असतील तर दोन्हीवरून वेगवेगळं करायला लागतं. शून्य म्हणजे सगळ्या जाहिराती बंद. नुसते बँकांचे किंवा नुसते घरांचे बंद करायचे असतील तर तसे विभाग पण आहेत, मोबाईल कंपनीच्या ॲपमध्ये किंवा ट्रायच्या, म्हणजे सरकारच्या दूरसंचार नियामकाच्या, डीएनडी ॲपमध्ये निवडता येतात, पण आईसाठी सरळ सगळेच बंद करा.

ओटीपीची भीती काढून टाका. डीएनडी फक्त जाहिराती अडवतं. ओटीपी, खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज, हॉस्पिटलची तारीख, हे सगळं येत राहतं. माझ्या नंबरवर आठ-नऊ वर्षं डीएनडी आहे, एकदाही ओटीपी अडला नाही.

माटुंगा_रोड

वरच्यांनी सगळं बरोबर सांगितलंय, फक्त एक. डीएनडी करून लगेच दुसऱ्या दिवशी फोन शांत होईल अशी अपेक्षा ठेवू नका, थोडे दिवस जातात. आणि बंद झाल्यावर पण काही येत राहतात, त्यांची तक्रार करायची असते, ती लोक करत नाहीत. मी करते. तीच १९०९, मेसेजचा मजकूर, स्वल्पविराम, कोणाकडून आला, स्वल्पविराम, तारीख. मेसेज आल्यापासून ७ दिवसांच्या आत. आधी ३ दिवस होते, २०२५ च्या फेब्रुवारीत नियम बदलला तेव्हा ७ केले. ट्रायचं ॲप असेल तर तिथे मेसेज निवडला की तक्रार जाते, एवढं टाईप करायला नको.

आणि दहा आकडी साध्या नंबरवरून जाहिरात आली तर तुमचं डीएनडी नसलं तरी तक्रार करता येते आता. दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या तर कंपनीला त्या नंबरवर कारवाई करावी लागते, पूर्वी सात दिवसांत दहा लागायच्या. म्हणून एकट्याने केली तरी फुकट जात नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाच क्लासवाल्याचे मेसेज सगळ्यांना यायचे, दहावीची मुलं आहेत ना बऱ्याच घरात, कोणी आमचे नंबर दिले देव जाणे. सहा जणींनी एकाच आठवड्यात तक्रार केली, त्यानंतर त्या नंबरवरून आजवर एक मेसेज नाही.

मुलुंडकर७१

ताई, तुम्ही जाहिरातींबद्दल विचारलंय पण मला दुसऱ्याच मेसेजबद्दल लिहायचंय, कारण तुमची आई एकटी राहते असं तुम्ही म्हणालात.

माझ्या मोठ्या भावाला, वय ७४, रिटायर्ड माणूस, एका शनिवारी संध्याकाळी मेसेज आला. आज रात्री साडेनऊला तुमचं लाईट कनेक्शन कापलं जाईल, मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, ताबडतोब अमुक नंबरवर आमच्या ऑफिसरला फोन करा. भावाने बिल भरलं होतं, पावती ड्रॉवरमध्ये होती, तरी घाबरला, कारण वहिनी आजारी, घरात ऑक्सिजनचं मशीन. फोन केला. तो माणूस इतका गोड बोलला की बस, म्हणे सर काळजी करू नका, एक ॲप टाका आणि फक्त १० रुपये भरा म्हणजे सिस्टिममध्ये अपडेट होईल. ते ॲप स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं होतं. २० मिनिटांत खात्यातून ४८ हजार गेले, तीन वेळा मिळून.

मी नंतर तो मेसेज परत परत वाचला. त्यात लाईट कंपनीचं नावच नव्हतं, नुसतं इलेक्ट्रिसिटी ऑफिस. आता मुंबईत लालबाग-परळला बेस्टची वीज, उपनगरात अदानी नाहीतर टाटा, आमच्या मुलुंड-भांडुपला महावितरण. पाठवणाऱ्याला माहीतच नाही समोरचा कुठे राहतो, म्हणून तो नाव घेत नाही, ज्याला जी कंपनी त्याने ती समजून घ्यायची. खरं बिल असेल तर त्यात तुमचा ग्राहक क्रमांक असतो. हे मला आधी सुचलं असतं तर मी भावाला कधीच सांगून ठेवलं असतं.

पुतणीने लगेच १९३० ला फोन लावला, तो सायबर फसवणुकीचा नंबर आहे, पैसे गेल्यावर पहिल्या तासाभरात केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. १९ हजार अडले, बाकीचे पुढे निघून गेले होते. नंतर सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर पण तक्रार टाकली. आईच्या फोनच्या मागे कव्हरवर १९३० लिहून चिकटवा ताई, मी सगळ्या म्हाताऱ्या नातेवाईकांच्या फोनवर चिकटवलंय, मार्करने मोठ्या अक्षरात.

पैसे गेले नाहीत पण मेसेज संशयास्पद आहे असं असेल तर संचार साथी म्हणून सरकारचं पोर्टल आणि ॲप आहे, त्यात चक्षू असा विभाग आहे, तिथे गेल्या ३० दिवसांतला मेसेज किंवा फोन कळवता येतो. पाच मिनिटांचं काम आहे.

साडीवाला_दादर

मी समोरच्या बाजूने लिहितो. माझं दादरला साड्यांचं छोटं दुकान आहे आणि मी पण ग्राहकांना मेसेज पाठवतो, साधारण ९०० जणींना, पाडवा, गौरी-गणपती, दिवाळी असं वर्षातून पाच-सहा वेळा. त्यामुळे हे आतून कसं चालतं ते माहीत आहे.

कायद्याने जाहिरात पाठवायची तर आधी दुकानाची नोंदणी करावी लागते, डीएलटी म्हणतात त्या यंत्रणेत, ट्रायच्या २०१८ च्या नियमांनी आली ती. कागदपत्रं द्यायची, सहा अक्षरांचं हेडर मंजूर करून घ्यायचं, मग मेसेजचा मसुदा पण आधी मंजूर करून घ्यायचा, त्यातली एखादी रिकामी जागा सोडली तर बाकी मजकूर बदलता येत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून मेसेजमधली लिंक पण आधी नोंदवलेली असावी लागते, नाहीतर मेसेज पुढे जातच नाही. मला माझ्या वेबसाईटची लिंक नोंदवायला आठवडा लागला होता, ऐन लग्नसराईत, वैताग आला होता, पण आता वाटतं झालं ते बरं झालं. कारण वरच्या काकांनी सांगितलं तसले चोर या रांगेत उभेच राहत नाहीत, ते बहुतेक वेळा दहा आकडी नंबरवरून पाठवतात. म्हणून साध्या मोबाईल नंबरवरून लिंक आली की हात लावायचा नाही, मग वर बँकेचं नाव लिहिलेलं असो नाहीतर आरटीओचं.

आता डीएनडी करूनही मेसेज का येतात त्याचं उत्तर. तुम्ही बिलिंग काउंटरला नंबर देता तेव्हा कित्येकदा त्याबरोबर जाहिरातीची संमती पण देऊन टाकता, एखाद्या फॉर्मवर खूण असते, कार्ड बनवतात त्यात असतं. संमती दिलेल्या दुकानाला डीएनडी अडवत नाही. ती काढून घ्यावी लागते, जाहिरातीच्या मेसेजमध्येच नको असल्यास काय करायचं ते दिलेलं असतं, नाहीतर सरळ दुकानात सांगा. माझ्याकडे कोणी नको म्हटलं की मी त्याच दिवशी नाव काढतो, ज्याला नकोय त्याला पाठवून माझी साडी काय खपणार आहे? पण सगळे असे नसतात हे मला माहीत आहे आणि त्याचं वाईट वाटतं, कारण त्यांच्यामुळे आमचा पाडव्याचा साधा मेसेज पण लोक न वाचता पुसतात.

आणि नंबर दिलाच पाहिजे असं कोणी काउंटरवर म्हणालं तर नाही म्हणा. २०२३ च्या मे महिन्यात केंद्राच्या ग्राहक खात्याने दुकानदारांना सांगितलंय की नंबरसाठी गिऱ्हाईकाला अडवू नका. बिल नंबरशिवाय निघतं, मी रोज काढतो.

चारकोपकर

मी अतिउत्साहात काय केलं ते सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. प्ले स्टोअरवरून मेसेज ब्लॉक करणारं एक ॲप घेतलं, सगळ्या परवानग्या दिल्या, दोन दिवस फोन एकदम शांत, मी खूश. तिसऱ्या दिवशी गॅस सिलेंडरवाला दारात उभा, कोड सांगा म्हणतो, माझ्याकडे कोडच नाही. चार आकडी डिलिव्हरी कोड येतो ना बुकिंगनंतर, तो त्या ॲपने जाहिरात समजून कुठेतरी कोपऱ्यात टाकला होता. तो बिचारा चार मजले सिलेंडर खांद्यावर घेऊन चढलेला, लिफ्ट बंद होती आमची, तसाच परत खाली गेला. मला इतकं अपराधी वाटलं. दुसऱ्या दिवशी परत आला तेव्हा त्याला सरबत दिलं आणि माफी मागितली.

आणि नंतर मुलगा म्हणाला, आई तू त्या ॲपला सगळे मेसेज वाचायची परवानगी दिलीस म्हणजे बँकेचे ओटीपी पण ते वाचतंय. ताबडतोब काढलं. आता फोनमध्ये आधीपासून असलेलं गुगल मेसेजेसच वापरते, त्यात सेटिंगमध्ये स्पॅम प्रोटेक्शन चालू करायचं, तेवढं पुरतं. पण त्याचाही एक कोपरा असतो, वर उजवीकडे आपल्या फोटोवर टॅप केलं की स्पॅम अँड ब्लॉक्ड असं दिसतं, आठवड्यातून एकदा तिथे डोकवा. कामाचं काही तिथे पडलं असेल तर बाहेर काढता येतं.

लालबागची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी काल रात्री हे सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं. मुलुंडकर काका, तुमच्या भावाचं वाचून अंगावर काटा आला, वहिनी कशा आहेत आता?

आज आईकडे जाऊन १९०९ केलं. पुष्टीचा मेसेज आला. पण एक शंका. काही मेसेज असे आहेत की त्यात कंपनीचा लोगो, निळी टिक, मोठे रंगीत फोटो आणि खाली बटणं असतात, व्हॉट्सॲपसारखे, पण मेसेजच्या ॲपमध्येच. आणि त्यांच्या नावाआधी ती दोन अक्षरं पण नाहीत आणि शेवटी पी पण नाही. हे काय प्रकरण?

विक्रोळी_पार्कसाईट

ते आरसीएस. साधा एसएमएस नाही, नेटवरून येतो, म्हणून त्याला हेडरची अक्षरं नसतात. माझ्याकडे डीएनडी असूनही हे येत होते. आईसाठी सोपा उपाय म्हणजे आरसीएसच बंद करा, मेसेजच्या ॲपमध्ये फोटोवर टॅप, सेटिंग्ज, आरसीएस चॅट्स, तिथलं बटण बंद. साधे मेसेज येत-जात राहतात, तिला काहीच फरक पडणार नाही कारण ती गप्पा व्हॉट्सॲपवरच मारते. तुमच्या स्वतःच्या फोनवर बंद करायचं नसेल तर तो मेसेज उघडून वरच्या तीन टिंबांतून ब्लॉक करून स्पॅम म्हणून कळवा, इथे मात्र ब्लॉक टिकतं, कारण नाव बदलून यायची सोय नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. हॉस्पिटलचा आधीचा एखादा मेसेज राहिला असेल तर त्याच्यावर बोट दाबून धरा आणि पिन करा, तो कायम सगळ्यात वर राहतो. आणि त्या एकट्या मेसेजला वेगळी रिंग पण लावता येते.

भायखळा_पूर्व

आयफोनवाल्यांसाठी, सेटिंगमध्ये मेसेजेसमध्ये जाऊन अननोन सेंडर्स वेगळे करायचं बटण चालू करा, नंबर सेव्ह नसलेल्यांचे मेसेज वेगळ्या यादीत जातात. पण मग ती यादी पण बघत जा, कामाचे पण तिथेच जाऊन बसतात.

माझा त्रास वेगळा आहे. नवीन सिम घेतलं सहा महिन्यांपूर्वी आणि रोज कोणा दुसऱ्याच माणसाच्या कर्जाच्या हप्त्याचे मेसेज येतात, त्याचं नाव घालून, आणि भाषा अशी की माझी मुलगी वाचून घाबरली. हा नंबर आधी त्याचा होता. बंद केलेला नंबर निदान ९० दिवस कोणाला देत नाहीत, पण त्या माणसाने नंबर सोडताना कर्जवाल्यांना कळवलंच नसणार. जाहिरात नाही म्हणून डीएनडीचा उपयोग नाही. कोणाला अनुभव आहे?

माटुंगा_रोड

आहे, भावाला झालं होतं. हेडर कोणाचं आहे ते ट्रायच्या हेडर माहितीच्या पोर्टलवर शोधता येतं, ती अक्षरं टाकली की कंपनीचं नाव येतं. मग त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, की हा नंबर अमुक तारखेपासून माझ्या नावावर आहे, सोबत सिम घेतल्याची पावती जोडा, आणि त्या माणसाची कसलीही माहिती त्यात लिहू नका, त्याची पण काहीतरी अडचण असेल. भावाला दोन ईमेल करावे लागले, दुसऱ्यानंतर थांबलं. मेसेजला उत्तर देऊ नका आणि त्यातल्या लिंकवर पैसे भरायचा प्रश्नच नाही.

आणि उलट पण लक्षात ठेवा सगळ्यांनी, तुम्ही स्वतः एखादा जुना नंबर बंद करत असाल तर आधी बँक, आधार, गॅस, विमा सगळीकडून तो काढा. नाहीतर तुमचे ओटीपी दुसऱ्याच्या हातात.

मुलुंडकर७१

वहिनी ठीक आहेत ताई, विचारलंत बरं वाटलं. भाऊ मात्र अजून कुठलाही मेसेज आला की मला फोन करून वाचून दाखवतो, मी पण ऐकतो, ऑफिसात असलो तरी.

लालबागची_लेक

अपडेट द्यायला आले. आज बारावा दिवस. आधी रोज ३०-४० यायचे, काल दिवसभरात ७ आले, त्यातले २ शेवटी पी असलेले, एक दहा आकडी नंबरवरून, बाकी कामाचे. आरसीएस बंद केलं. पी असलेल्या दोघांपैकी एक ते दुकान निघालं जिथे आम्ही दिवाळीला कार्ड बनवलं होतं, साडीवाले दादा म्हणाले तसंच, त्यांना फोन करून नाव काढायला सांगितलं. दुसऱ्याची आणि त्या दहा आकडीची १९०९ ला तक्रार केली, तक्रार क्रमांक आलाय, काय उत्तर येतं ते इथे लिहीन.

आईला पी, एस, टी, जी एका कागदावर मोठं लिहून दिलंय, देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर चिकटवलंय तिने, आणि खाली तिने स्वतः पेनाने १९३० लिहिलंय. पहिल्या दिवशी तिने मला सात वेळा फोन केला, हा पुसू का, तो पुसू का. आता नाही करत.

हॉस्पिटलचा जुना मेसेज काही राहिला नव्हता, सगळे पुसलेले. म्हणून शुक्रवारी रक्त देऊन झाल्यावर मी काउंटरवर विनंती केली आणि रिपोर्ट तयार झाल्याचा मेसेज आला तो पिन करून ठेवला, त्याला देवळातल्या घंटेची रिंग लावली. परवा संध्याकाळी आईचा फोन आला, घंटा वाजली गं, शेवटी एस आहे, पुढे २६ आकडा दिसतोय आणि ११ वाजता असं काहीतरी आहे. मी म्हटलं वाच बघू पूर्ण, तर तिने एकेक अक्षर लावत सगळा मेसेज वाचला, डॉक्टरांची २६ तारखेची ११ ची वेळ होती. या वेळी उपाशीपोटी नाहीये, मी विचारून घेतलं, आणि मी सुट्टी टाकून तिच्याबरोबर जाणार आहे.